अर्ज आणि म्हणणं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

१९९३ सालची गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी माणूस आखातात नोकरीला होता. बी.ए. झालेला मुलगा मात्र एखाद-दुसराच. त्यामुळे बाहेरून आलेला कुठलाही इंग्रजी कागद फिरत फिरत आमच्या ओटीवर यायचा.

एका संध्याकाळी शेजारचे चाचा आले. ते सुट्टीवर घरी आले होते. निघताना कंपनीनं तीन महिन्यांचा पगार 'मागाहून पाठवतो' म्हणून सांगितलं होतं आणि तो काही आला नव्हता. इकडे मुलीचं लग्न ठरलेलं. चाचा म्हणाले, "बाळा, तू बी.ए. आहेस. साहेबाला असं पत्र लिही की वाचताक्षणीच त्याला कळलं पाहिजे, हे शिकलेल्या माणसाचं पत्र आहे."

मी दोन दिवस खपून पत्र लिहिलं. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. मग 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टु स्टेट'. पुढे चाचांची इतक्या वर्षांची इमानदारी, कंपनीची कीर्ती, मुलीच्या बापाचं काळीज. शेवटी 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. चाचांच्या घरी मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्थ कुणाला फारसा कळला नाही, पण चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. दोनच ओळींचं. आपला कर्मचारी क्रमांक काय? कोणत्या महिन्यांचा पगार बाकी आहे आणि रक्कम किती? मी माझ्याजवळची कार्बन प्रत काढून पाहिली. त्या पानभर मजकुरात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लग्न बारा दिवसांवर आलं होतं. चाचींच्या बांगड्या सोनाराकडे गहाण गेल्या.

त्या बांगड्यांनी मला पुढे बरीच वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही. एवढं शिकून मी असं पत्र का लिहिलं? मला कुणी तसं लिहायला सांगितलं होतं? हा शोध घेताना लक्षात आलं, की ते पत्र मुळी माझं नव्हतंच. त्यातलं प्रत्येक वाक्य मला कुणीतरी दिलेलं होतं आणि त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी. आज त्या देण्याघेण्याचा इतिहास तुमच्यापुढे मांडतो.

दुसऱ्याच्या भाषेत कामकाजाचं पत्र कसं लिहावं, हे शिकवण्याची आपल्याकडची परंपरा इंग्रजांपेक्षा खूप जुनी आहे. मराठीपुरतं बोलायचं, तर यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर 'मेस्तक' सांगितलं जातं. कारकुनानं दप्तर कसं ठेवावं, कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणता मायना घालावा, याचे हे नियम. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्याला राजश्री. मायना चुकला तर पत्र चुकलं, कधी कधी माणूसही दुखावला.

फारसीत या विद्येला 'इन्शा' म्हणत. मोगल काळात दफ्तरात नोकरी हवी असेल, तर फारसी इन्शा यायलाच हवी आणि ती शिकणाऱ्यांत हिंदू कारकुनांचा भरणा मोठा होता. जहांगीर बादशहाच्या काळात मुलतानच्या हरकरन नावाच्या एका मुन्शीनं नमुना-पत्रांचं एक पुस्तक तयार केलं, 'इन्शा-ए-हरकरन'. बादशहानं अमीराला कसं लिहावं, चाकरानं धन्याला कसं लिहावं, दस्तऐवज कसा करावा, सगळ्याचे नमुने त्यात होते. हरकरनची मातृभाषा फारसी नव्हती. म्हणजे परक्या भाषेत लिहायला शिकलेल्या एका माणसानं तसंच शिकू पाहणाऱ्या इतरांसाठी लिहिलेलं हे पुस्तक. आजच्या बिझनेस इंग्लिशच्या गाइडचा हा खापरपणजोबाच म्हणायचा.

आता गंमत ऐका. दीडेकशे वर्षांनी, १७८१ साली, हेच पुस्तक कलकत्त्यात इंग्रजी भाषांतरासह छापलं गेलं. भाषांतर करणारा होता फ्रान्सिस बाल्फोर नावाचा कंपनीचा डॉक्टर. वाचणार होते कंपनीचे गोरे अंमलदार. कारण त्या काळी इथे राज्य करायचं तर फारसीत पत्र लिहिता-वाचता येणं त्यांना भाग होतं. तेव्हा साहेब विद्यार्थी होता आणि मुन्शी मास्तर होता. 'मी आपला चरणरज' या थाटाची फारसी वाक्यं लंडनहून आलेली पोरं घोकत होती.

पण राज्य बदललं की मास्तर आणि विद्यार्थी यांच्या जागाही बदलतात. १८३५ साली मेकॉलेचं प्रसिद्ध टिपण आलं. १८३७ च्या कायद्यानं कोर्टकचेऱ्यांतली फारसीची सक्ती संपवण्याची वाट मोकळी केली. खालच्या कामकाजात देशी भाषा आल्या, वरच्या पायरीवर इंग्रजी बसली. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंगनं ठराव केला, की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. त्या दिवसापासून इंग्रजी लिहिता येणं हा पोटाचा प्रश्न झाला.

मुंबईत त्याआधीच, ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं होतं. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असा मजकूर असे. मला ते पान फार अर्थपूर्ण वाटतं. एकाच गोष्टीबद्दल दोन भाषा शेजारी शेजारी उभ्या आहेत. कुणी कुणाच्या पाया पडत नाही. इंग्रजी लिहिणं आपल्याकडे असंही सुरू झालं होतं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

त्या संधिकाळातले दोन विद्यार्थी मला नेहमी आठवतात. पहिला दीन महोमेत. जन्म १७५९, पाटण्याचा. कंपनीच्या फौजेबरोबर वाढला आणि १७८४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी जाऊन राहिला. तिथे शाळेत जाऊन त्यानं इंग्रजी पक्कं केलं आणि १७९४ साली आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. इंग्रजीत पुस्तक लिहिणारा पहिला भारतीय म्हणून त्याची नोंद होते. पुस्तकाचा घाट पत्रांचा आहे, एका कल्पित मित्राला लिहिलेली पत्रं. मायकेल फिशर या इतिहासकारानं त्या पुस्तकाचा बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा दिसलं की काही उतारे त्यानं आधीच्या इंग्रज प्रवाशांच्या पुस्तकांतून उचललेले आहेत. आज विद्यापीठात त्याला वाङ्मयचौर्य म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण परक्या भाषेत लिहिणाऱ्याची एक अडचण त्यातून कळते. आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायची धास्ती वाटते, तेव्हा माणूस छापील वाक्याचा आधार घेतो. मीही चाचांच्या पत्रात दुसरं काय केलं होतं?

दुसरा लुत्फुल्ला. जन्म १८०२, माळव्यातल्या धार नगरीचा. पेशानं मुन्शी. शंभराहून अधिक इंग्रज अंमलदारांना त्यानं फारसी, हिंदुस्थानी, अरबी शिकवली. मराठीसुद्धा शिकवली. आणि स्वतः इंग्रजी कसं शिकला? रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा शब्द पाठ करायचे आणि व्याकरणाची चार पानं वाचायची. असं आठ वर्षं. १८४४ साली तो सुरतच्या नवाबाच्या जावयाबरोबर इंग्लंडला जाऊन आला आणि १८५७ साली त्याचं इंग्रजी आत्मचरित्र लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. हे पुस्तक वाचताना जाणवतं, की हा माणूस साहेबाला भीत नाही. साहेबाच्या चुकाही तो हसतमुखानं नोंदवतो. कारण तो स्वतः मास्तर होता. भाषा शिकताना काय त्रास होतो, हे त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं.

लुत्फुल्लासारखे थोडे. बाकीच्यांच्या वाट्याला आली ती कचेरी. पत्र कसं लिहायचं, तर आधीच्या कारकुनानं लिहिलेलं पाहून. फाइलमधलं जुनं पत्र काढायचं, नाव-तारीख बदलायची आणि खाली सही घ्यायची. पुढे शाळांतून आणि गाइडांतून हेच नमुने आले. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, फी-माफीचा अर्ज. 'अर्ज' हा शब्दसुद्धा अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. भाषा बदलली तरी शब्द तोच राहिला आणि वाकलेली मानही तीच राहिली.

खरं तर 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' हा इंग्रजांचा आपापसातलाही रिवाज होता. एक लॉर्ड दुसऱ्या लॉर्डला पत्राखाली हेच लिही आणि त्याचा अर्थ 'आपला स्नेहांकित' याहून अधिक नसे. शब्द तेच, पण ते सातासमुद्रापलीकडे आले आणि एका गुलाम देशातल्या कारकुनानं ते लिहिले, तेव्हा ते अक्षरशः खरे झाले. मग कारकुनानं त्यात भर घातली. एक 'हंबली' पुरत नाही म्हणून 'मोस्ट हंबली'. साध्या 'से'ऐवजी 'बेग टु स्टेट'.

आणि गंमत अशी, की ज्यांनी हे शिकवलं तेच पुढे हसायला लागले. १८९१ मध्ये आर्नल्ड राइट यानं 'बाबू इंग्लिश' या विषयावर चेष्टेचं पुस्तक काढलं. 'पंच' या साप्ताहिकात एफ. ॲन्स्टी यानं एक बंगाली बाबू रंगवला, तो १८९७ मध्ये पुस्तकरूपानं आला. त्या बाबूच्या नावापुढे आवर्जून 'बी.ए.' लावलेलं होतं. पदवी आणि फुगवलेलं इंग्रजी ही जोडी हास्यास्पद ठरली. मी ते प्रथम वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. आमच्या ओटीवरचा बी.ए. मला आठवला.

पण या हसण्यात एक गोष्ट निसटली. १९०९ सालचं एक पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामुळे प्रसिद्ध आहे. ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशानं ते साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला लिहिलं. अहमदपूर स्टेशनावर गाडी थांबली असताना हा गृहस्थ फणस खाऊन बिघडलेल्या पोटामुळे खाली उतरला. तो बसला न बसला तोच गार्डनं शिटी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत तो धावला, पडला, फलाटावरच्या बायका-पुरुषांसमोर त्याची फजिती झाली आणि गाडीही गेली. त्यानं मागणी केली, की गार्डला दंड करा, नाहीतर मी हे वर्तमानपत्रांत देतो. आपल्याकडच्या डब्यांत शौचालयं आली ती या पत्रामुळे, असं सांगितलं जातं.

या पत्राचं व्याकरण जवळजवळ प्रत्येक ओळीत मोडलेलं आहे आणि लोक शंभर वर्षं त्याला हसत आले आहेत. पण मास्तर होऊन ते तपासा. कुठे घडलं, आहे. काय घडलं, आहे. नुकसान काय झालं, आहे. मागणी काय, आहे. मागणी मान्य झाली नाही तर काय करणार, तेही आहे. कामकाजाच्या पत्रात याहून अधिक काय लागतं? माझ्या १९९३ च्या पत्राचं व्याकरण निर्दोष होतं आणि त्यात यातलं काहीच नव्हतं.

आता आपण पुण्याला येऊ. १८४०च्या आसपास गोविंदराव फुल्यांनी आपल्या मुलाला, जोतीला, शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावलं होतं. त्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी राहत. फारसीचे शिक्षक. त्यांनी आणि लिजिट नावाच्या साहेबांनी गोविंदरावांना समजावलं, की मुलगा हुशार आहे, त्याला शिकू द्या. १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकू लागला. मला या प्रसंगातले मुन्शी फार मोठे वाटतात. ज्या भाषेवर त्यांचं पोट होतं, तिचे दिवस भरले होते. अशा वेळी माणूस कडवट होतो किंवा मागच्या वैभवाचे पाढे वाचत बसतो. मुन्शींनी शेजारच्या माळ्याच्या पोराला पुढच्या भाषेच्या दारापर्यंत पोहोचवलं.

त्या पोरानं पुढे काय केलं? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं इंग्रजी निवेदन ठेवलं. सरकारदरबारी द्यायचा कागद म्हणजे तोही एक अर्जच. पण तो कसा बांधला आहे पाहा. आधी स्वतःचा अनुभव कुठला आणि किती, ते सांगून टाकलं आहे. पुणे आणि आसपासची खेडी. मग मुद्दा, की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. मग मागण्या, एकामागून एक. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या. त्यांना पगार इतका द्या. मोडी, बालबोध, हिशेब, शेतीची माहिती शिकवा. अदब आहे, पण भीक नाही. साहेबाकडून घेतलेल्या नमुन्यात फुल्यांनी स्वतःचं म्हणणं ओतलं. अर्जाचं निवेदन झालं ते तिथे.

त्याच वाटेवर पुढे डॉ. आंबेडकर भेटतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितलं. हाती पैसा उरला नव्हता. ते मुंबईला परतले, इथून सुधारलेला प्रबंध पाठवला आणि १९२३ मध्ये त्यांना पदवी मिळाली. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. पुस्तक निघालं तेव्हा त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद मोकळेपणानं नोंदवले आणि तरीही शिष्याच्या मांडणीतल्या ताजेपणाचं कौतुक केलं. विद्यापीठातलं इंग्रजी लेखन म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हा किस्सा सांगतो. कसं बोलावं ते दुसऱ्याकडून शिकता येतं. काय बोलावं ते स्वतःचंच असावं लागतं.

मग शाळांनी हे का शिकवलं नाही? प्रयत्न झाले. डाक्क्याला शिक्षक-प्रशिक्षण देणारे मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालच्या मुलांचा अभ्यास करून एक साधा प्रश्न विचारला होता. या मुलांना इंग्रजीची खरी गरज कशासाठी आहे? बरीच मुलं शाळा अर्ध्यात सोडतात, मग त्यांना थोड्या शिक्षणातूनही काही हाती लागलं पाहिजे. म्हणून त्यांनी आधी वाचन येऊ द्या असा आग्रह धरला आणि नेमके शब्द निवडून सोपी वाचनमाला रचली. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्याची गरज आधी आणि पुस्तक नंतर, ही दृष्टी त्यांनी दिली.

आमच्या हाती मात्र पडलं तर्खडकर आणि रेन अँड मार्टिन. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत आम्ही पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. भाषांतर पाठमाला नसती तर आम्ही इंग्रजीच्या उंबऱ्यावरच राहिलो असतो. रेन साहेब तर आपल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. त्यांनी आणि मार्टिन यांनी मिळून केलेलं व्याकरण १९३०च्या दशकापासून आजतागायत चालतं आहे. पण व्याकरण हे सुताराच्या हत्याराच्या पेटीसारखं आहे. खुर्ची कुणाला हवी आहे आणि तिच्यावर बसणार कोण, हे पेटी सांगत नाही.

इकडे आपण जुने मायने जपत असताना तिकडे काय चाललं होतं? ब्रिटिश सरकारला आपल्याच कारकुनांचं इंग्रजी सामान्य माणसाला कळेनासं झालं. तेव्हा तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. साधं लिहा, थोडक्यात लिहा, वाचणारा डोळ्यांसमोर ठेवा. म्हणजे धन्यानं आपला फाटका झगा टाकून दिला आणि आपण तो इस्त्री करून घालत राहिलो.

१९६६ साली आणखी एक प्रकरण झालं. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन प्राध्यापकानं परदेशी विद्यार्थ्यांचे शेकडो इंग्रजी निबंध तपासले आणि कोणत्या भाषेचा माणूस कसा विचार करतो याच्या आकृत्या काढल्या. इंग्रजी माणसाची सरळ रेघ. अरबीसारख्या सेमिटिक भाषांची समांतर नागमोडी. पौर्वात्य माणसाचं आत आत फिरत जाणारं वर्तुळ. पौर्वात्य म्हणताना त्यांच्या नजरेसमोर मुख्यतः चीन-कोरियाचे विद्यार्थी होते, पण ती आकृती जगभर आशियाच्या नावावर खपली. पुढे टीका झाली, कॅप्लन यांनीही आपलं मत बरंच सौम्य केलं. मात्र 'तुम्ही लोक गोल गोल लिहिता' हे वाक्य वर्गावर्गांत राहून गेलं.

खरंच आपण गोल लिहितो का? आपल्या आजीचं पत्र आठवा. वर देवाचं किंवा अल्लाचं नाव. मायना, सलाम किंवा नमस्कार. आणि लगेच पुढचं वाक्य? 'पत्र लिहिण्यास कारण की'. दुसऱ्याच ओळीला कारण! याहून सरळ रेघ कोणती? चौथी शिकलेली बाई आपल्या भाषेत कारण आधी सांगत होती आणि तिचा बी.ए. झालेला नातू इंग्रजीत कारणाभोवती फेऱ्या मारत होता. म्हणजे गोल फिरतं ते आपलं डोकं नव्हे, गोल फिरते ती आपली भीती. साहेब काय म्हणेल, चूक निघेल का, आपण अडाणी तर दिसणार नाही ना. त्या भीतीवर पांघरूण म्हणून आपण वाक्यांचे थर चढवतो.

२००० साली महाराष्ट्रानं मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणलं. हा निर्णय तेव्हा वादाचा ठरला, पण आता ती मुलं नोकरीला लागली आहेत. गेली काही वर्षं मी आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी एक छोटा वर्ग घेतो. नर्सिंगच्या मुली येतात, जहाजावर जाणारे मुलगे येतात, पीएच.डी. करणारी एक मुलगीही येते. मोबाइलमधलं यंत्र आता त्यांना चकचकीत इंग्रजी पत्र क्षणात लिहून देतं. एका मुलानं पगाराच्या तक्रारीचं असंच पत्र आणून दाखवलं. एकही चूक नाही. फक्त किती पगार राहिला आणि कोणत्या महिन्याचा, ते नव्हतं. त्यानं यंत्राला ते सांगितलंच नव्हतं. मला माझी कार्बन प्रत आठवली.

म्हणून वर्गात मी आधी मराठीत एकच वाक्य लिहायला लावतो. 'पत्र लिहिण्यास कारण की' आणि पुढे रिकामी जागा. ती भरल्याशिवाय इंग्रजीची वही उघडायची नाही. पीएच.डी.वाल्या मुलीलाही तेच. निबंध लिहिण्यास कारण की. तिला ते वाक्य भरायला तीन आठवडे लागले. नंतरचं प्रकरण मात्र तिनं झपाट्यानं लिहिलं.

चाचांचं काय झालं, ते राहिलं. कंपनीचं ते दोन ओळींचं उत्तर घेऊन मी खाली मान घालून त्यांच्यासमोर बसलो होतो. दुसरं पत्र लिहायला मी कागद पुढे ओढला, तेव्हा चाचा म्हणाले, "थांब, या वेळी मी लिहितो. चुकलं तर तू बघ." ते सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी कामावर कानानं उचललेलं. त्यांनी कॅपिटल अक्षरांत नाव लिहिलं. कर्मचारी क्रमांक लिहिला. तीन महिन्यांची नावं एकाखाली एक, पुढे रकमा, खाली रेघ मारून बेरीज. मग एक वाक्य, त्यात क्रियापद नव्हतं. मी ते घालायला पेन उचललं आणि परत ठेवलं.

पैसे आले, पण लग्न होऊन गेल्यावर. त्यातून चाचींच्या बांगड्या सुटल्या. चाचांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट लोकांना सांगायचे, "पहिलं पत्र आमच्या बी.ए.नं लिहिलं होतं. फार छान होतं."